परदेशी बस आणि वळणावरचा देव

आमच्या धैर्यशीलला लहानपणापासून एक खोड आहे. पाय ह्याचा घसरणार आणि शिव्या फरशीला बसणार. शाळेत नापास झाला तेव्हा पेपर वाकडा होता. लग्नात अक्षतांना उशीर झाला तेव्हा भटजी बावळट होता. आणि आता बस घाटात मधेच थांबते, तर म्हणे बस मूर्ख! "आई, ह्या गाडीला अक्कलच नाही गं," हे तुणतुणं रोज जेवताना. अरे, पण आणली कुणी? मी का गेले होते बंदरावर तिला ओवाळायला?

त्याचं असं झालं. डिझेलच्या गाड्या सरकारनं बंद केल्या. पाटण ते चिपळूण जाणारी आमची जुनी बस, धैर्याच्या बापाच्या हातची, भंगारात गेली. विजेची नवी बस आमच्या आवाक्यातली नव्हे. तेवढ्यात बातमी आली की थंड देशांतल्या वापरलेल्या बसगाड्या इथं आणायची सरकारनं मुभा दिली आहे. तिकडच्या लोकांना जुन्या साडीची गोधडी होते हे ठाऊक नाही. जरा वापरली की टाकली. धैर्यानं नॉर्वे नावाच्या देशातली बस पसंत केली. तिकडं डोंगर, इकडं डोंगर, म्हणजे गाडीला करमेल, असा त्याचा हिशोब. मी म्हटलं, "पंचक्रोशीत कुणाकडं नाही म्हणून तुला पाहिजे." त्यावर साहेब हसले. म्हणजे तेच कारण.

पण ह्या मुभेला शेपूट होतं. गाडी जुनी, ती सुरक्षित कशावरून? पत्रा, चाकं, ब्रेक, बॅटरी हे बंदरावर ठोकून-वाजवून बघता येतं आणि त्यांनी ते बघितलंही. एकेक बोल्ट काढून उन्हात धरला म्हणतात. पण ह्या बसगाड्यांना मेंदू असतो. कारखान्यात तो अर्धाच भरतात, उरलेलं गाडी रस्त्यावर शिकते. वाट निसरडी कधी होते, माणूस आडवा कसा येतो, ड्रायव्हर दमला की कसा वागतो, हे वर्षानुवर्षं बघून ती साठवत जाते. सरकारचं म्हणणं, हे साठवलेलं शहाणपण हाच तिच्या चांगल्या चालीचा दाखला. म्हणून ते पुसायचं नाही, त्यात ढवळाढवळ करायची नाही. नाहीतर दलाल लोक मेंदू कोरा करतील आणि दरीत पडून आलेली गाडी नव्या नवरीसारखी नटवून विकतील. नियम वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. फक्त करणाऱ्यानं आमचा कुंभार्ली घाट बघितला नव्हता.

तर अशी ती आमच्या दारात आली, माहेरच्या सगळ्या सवयी घेऊन.

कुणी उभं असलं की हलायची नाही. रस्त्याकडेला म्हैस बसलेली दिसली, तर ती उठून आडवी येईल की काय, म्हणून ताटकळत राहायची. तिच्यात मराठी आवाज भरला होता, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा. शेवंता गुरवीण कोंबडी घेऊन चढली की आवाज यायचा, "कृपया प्राण्याला सुरक्षा पट्टा लावा."

"कुठं बांधू गं, भवाने? मानेला?" शेवंता छताकडं बघून ओरडायची आणि अख्खी बस हसायची. लोकांनी तिचं नाव मडमीण ठेवलं.

हे सगळं चालवून घेतलं असतं. खरी रड घाटात. आपल्याकडचा ड्रायव्हर देवळासमोरून जाताना नमस्कार केल्याशिवाय पुढं जात नाही. स्टेअरिंगवरचा एक हात सुटतो, कपाळाला लागतो, छातीला लागतो, मान खाली, डोळे क्षणभर मिटलेले. धैर्याचा बाप असाच घाट चढला आणि असाच उतरला. पण मडमिणीच्या देशात कुणी स्टेअरिंग सोडून देवाच्या पाया पडत नसावं. तिच्या लेखी मान पडली, डोळे मिटले, हात सुटला, म्हणजे माणूस गेला! लगेच घंटा. लगेच तो आवाज, "चालक, आपण ठीक आहात का? मी गाडी बाजूला घेत आहे." आणि घ्यायचीच. मग धैर्यानं समोरच्या काचेत बघायचं, मी जागा आहे म्हणून सांगायचं, तेव्हा ती मोठ्या उपकारानं हलणार.

आता आमच्या घाटात देव काय थोडे आहेत? पायथ्याला वाघजाई, पुढं पाण्याजवळ भैरोबा, मधे मारुती, माथ्यावर पुन्हा देवी. दर देवाला एक मुक्काम. दवाखान्यात निघालेली माणसं, कॉलेजची पोरं, मासे घेऊन येणाऱ्या बायका, सगळे वैतागले. काही जण आम्हाला सोडून दुसऱ्यांच्या जीपगाड्यांत बसायला लागले.

"नमस्कार घरूनच करून निघाले तर?" अमृता एकदा म्हणाली. अमृता माझी सून.

"वा गं! देवीच्या अंगाखांद्यावरून जायचं आणि नमस्कार पार्सलनं पाठवायचा?"

तिनं पुढचं वाढायला घेतलं. मला वाटलं, पटलं.

शेवटी पदर खोचून मीच कराडला वाहन तपासणीच्या ऑफिसात गेले. तिथं लोखंडे मॅडम म्हणून इन्स्पेक्टर. पोरगी वयानं माझ्या नातीएवढी, पण खुर्चीत नीट ताठ बसलेली. मी उभ्यानंच सुरुवात केली.

"तुमच्या सरकारला देव मान्य आहे का नाही?"

"मावशी, आधी बसा."

"बसायला नाही आले. तुमची गाडी आमच्या देवाला झोप म्हणते."

ती हसली नाही, हे मला आवडलं. तिनं पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, भाकरी थापताना तुमचा हात कधी थांबतो का?"

"थांबला तर भाकरी फाटेल."

"तसंच आहे. जागा माणूस स्टेअरिंग कधी स्थिर धरत नाही. रस्ता सरळ असला तरी हात केसभर इकडं, केसभर तिकडं चालूच असतो, त्याचं त्यालाही कळत नाही. शुद्ध हरपली की पहिला तो हात थांबतो. ही गाडी स्टेअरिंगच्या आतून ते ओळखते. वरचा कॅमेरा मान आणि पापण्या बघतो. सीट नाडी ऐकते. ह्यातलं एक जरी फार बिघडलं, तरी ती धोका पत्करत नाही, थांबते."

"मग तिला सांगा की हा नमस्कार आहे."

"मेंदूला हात लावायची परवानगी मलाही नाही. पण नियमात एक खिडकी ठेवली आहे. स्थानिक सवय. ठरावीक जागी ठरावीक गोष्ट झाली तर ती धोक्याची नाही, एवढं तिला शिकवता येतं. मात्र ती जागा आणि ती सवय खरी आहे, असं तिथल्या जाणत्या माणसानं सांगावं लागतं. मग मी बरोबर बसून एक फेरी बघणार. पास झाली तर कायमचा परवाना. नाहीतर गाडी परत बंदरावर."

"जाणतं माणूस तुमच्या पुढ्यात बसलंय," मी म्हटलं आणि तेव्हा कुठं खुर्चीला पाठ टेकली.

पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळे देव मी तिला तोंडी सांगितले. ती समोरच्या नकाशावर बोट ठेवून एकेक जागा पक्की करत गेली. शेवटी तिनं मान वर केली. "एक लक्षात ठेवा, मावशी. ह्या जागांवर गाडी कानाडोळा करणार. तिथं ड्रायव्हरचं काही झालं तरी ती नमस्कारच समजणार. त्यामुळं जागा चुकली, तर जिथं थांबायला हवं तिथंही ती थांबणार नाही."

"देवांच्या जागा मी चुकवत नाही," मी म्हटलं.

मडमीण शिकली. वाघजाई आली, धैर्यानं हात कपाळाला लावला, ती चालतच राहिली. भैरोबाला तेच. मारुतीला तेच. शेवंता म्हणाली, "बाटली ग बाई मडमीण, आपल्यातली झाली." जीपगाडीत गेलेली माणसं परत आली. मी पुरणपोळ्या केल्या.

आणि मग गाडी भलत्याच जागी थांबायला लागली. माथ्याच्या अलीकडं एक मोठं वळण आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता खड्डा, आणि चालत्या गाडीत झाडांतून ऊन डोळ्यांवर लुकलुकतं. तिथं.

"आई, तू तिथला म्हसोबा विसरलीस," धैर्या म्हणाला.

"मी? विसरले? तिथं म्हसोबा कधी होता?"

"नवा आहे. रस्ता रुंद करताना निघाला. लोक मानतात."

आता रस्ता खणताना देव निघतात, त्यात नवल नाही. मी मॅडमना फोन केला. ती म्हणाली, फेरीच्या दिवशी बघू, तुम्ही हो म्हणालात तर तीही जागा घालू. मी धैर्याला सांगितलं, तर त्याचा चेहरा इतका उजळला, की पोराला देवाची एवढी ओढ कधी लागली, ह्याचंच मला कौतुक वाटलं.

घरात मात्र अमृतानं वेगळंच लावून धरलं होतं. जेवताना ही बाई नवऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायची. एकदा धैर्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तसाच थांबला, तोंडाशी नेलाच नाही. ही लगेच पुढं वाकली. मग त्यानं तो खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाला.

"आत्याबाई," ती मला नंतर मोरीपाशी म्हणाली, "ह्यांचं लक्ष जरा..."

"नवऱ्याचं लक्ष नसतं ही जगातल्या प्रत्येक बायकोची तक्रार आहे. भांडी घे."

तिनं भांडी घेतली.

फेरीचा दिवस उजाडला. लख्ख ऊन, गाडी भरलेली, पुढच्या काचेला हार; हार घालतानाही मडमिणीनं "कृपया चालकाच्या दृष्टीसमोर अडथळा ठेवू नका" म्हणून दोनदा सरकवायला लावला. लोखंडे मॅडम ड्रायव्हरच्या मागं, मांडीवर त्यांची काचेची पाटी, मडमिणीला काय दिसतं ते त्यात उमटायचं. मी त्यांच्या शेजारी, आणि अमृता आमच्या मागं. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आली.

धैर्यानं फेरी झकास चालवली. बापाचा हात आहे त्याला, हे मी कुणाहीपुढं सांगेन. एकेक देव येत होता, त्याची मान खाली जात होती, गाडी चालत होती. दर देवाला मॅडम पाटीवर बोट टेकवायच्या आणि माझ्याकडं बघून मान हलवायच्या. मी मनात परवाना भिंतीवर लावूनही टाकला.

ते वळण आलं. मी मुद्दाम सावरून बसले, नवा देव बघायचा होता. धैर्याचा चेहरा मला वरच्या आरशात पूर्ण दिसत होता. मान सरळ. दोन्ही हात स्टेअरिंगवर. डोळे उघडे.

आणि घंटा वाजली.

"चालक, आपण ठीक आहात का? मी गाडी बाजूला घेत आहे."

आरशातला चेहरा हलला नाही. भिंतीवर टांगलेल्या फोटोत माणूस जसा बघतो तसा तो समोर बघत होता. गाडी स्वतःच हळू झाली, स्वतःच कातळाकडं वळली, थांबली. मग त्याच्या पापण्या फडफडल्या. तो दचकला. आणि त्यानं घाईघाईनं हात कपाळाला लावला.

"म्हसोबा," तो म्हणाला.

आयुष्यभर मी ड्रायव्हरच्या मागं बसत आले आहे. नमस्कार आधी होतो, मडमिणीची घंटा नंतर वाजते. इथं घंटा आधी वाजली होती.

माणसं मात्र भाविक. शेवंता फुलं घेऊन खाली उतरली, तिच्या मागून आणखी चार बायका. मॅडमनी पाटी माझ्यासमोर धरली. "मावशी, इथं स्टेअरिंगवरचे दोन्ही हात गप्प झाले होते. नमस्कारात एकच होतो, बाकीच्या ठिकाणी मी तेच बघितलं. पण नवी जागा आहे, त्यांची सवय वेगळी असेल. तुम्ही जाणत्या. घालू ही जागा? हो म्हणालात तर परवाना आजच."

"घाला मॅडम, घाला," धैर्या मधेच म्हणाला. "एवढी एकच राहिली आहे."

"मी देव बघून येते," मी म्हटलं.

कातळाच्या खोबणीत देव उभा होता. उभट, गोल, काळा, वरून शेंदराचा जाड थर, टिकल्यांचे दोन डोळे. पुढं फुलं, सुट्टे पैसे, अर्धं खोबरं. शेवंता कानाची पाळी धरून गाल बडवत होती. मी वाकले, हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

देवाच्या डाव्या खांद्याचा टवका उडालेला होता. तो टवका माझ्या हातून उडाला होता, मागच्या दारच्या पायरीवर. ह्या देवावर मी मिरच्या वाटल्या आहेत, शेंगदाण्याचा कूट केला आहे, पोरांच्या बारशाचं वाटण केलं आहे. मिक्सर आल्यापासून तो मोरीच्या भिंतीला पडून असायचा. माझा वरवंटा!

मी मागं बघितलं. अमृता गाडीच्या दारात उभी होती, खड्ड्याकडं बघत.

"तुला ठाऊक होतं?"

"घरातही होतं त्यांना. बोलता बोलता, जेवता जेवता. क्षणभर नसतातच. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात, आजाराचं नाव निघालं की लायसन गेलं. मी तुम्हाला सांगायला आले होते, आत्याबाई."

आणि मोरीपाशी मी तिच्या हातात भांडी दिली होती. 

धैर्या खाली उतरून माझ्याजवळ आला आणि कानाशी पुटपुटला, "आई, हो म्हण. डोळ्याचं पातं लवावं तेवढंच असतं, येतं आणि जातं. एवढी जागा घातली की गाडी थांबणार नाही, कुणाला कळणार नाही. बस परत गेली तर आपण करायचं काय? तुझ्या शब्दावर आहे सगळं."

माझ्या शब्दावर. मी हो म्हटलं असतं, तर पुढच्या खेपेला पोरगा ह्या वळणावर असाच फोटो होऊन बसला असता, आणि मडमिणीनं म्हटलं असतं, देवाचं चाललंय, मधे बोलू नये. गाडी सरळ गेली असती. वळण मात्र सरळ नव्हतं. शेवंता आत असती, कॉलेजची पोरं असती, हा स्वतः असता. सरकारनं बसचा एकेक बोल्ट उन्हात धरून बघितला, आणि माझ्या पोराकडं कुणी, त्याच्या आईनंसुद्धा, वळून बघितलं नाही.

मी वरवंटा उचलला. बायका "अगं अगं, देवाला हात लावू नको" म्हणून ओरडल्या. मी तो बगलेत धरला, साडीला शेंदूर लागला तर लागला, आणि मॅडमकडं गेले.

"मॅडम, इथं देव नाही. जागा घालू नका."

मॅडमनी वरवंट्याकडं बघितलं, धैर्याकडं बघितलं आणि पाटी बंद केली. "मग फेरी पुरी झाली असं मला म्हणता येणार नाही, मावशी. परवाना मिळणार नाही आज. पुढचंही सांगता येत नाही. ड्रायव्हरला आधी मेंदूच्या डॉक्टरांकडं जावं लागेल. मेंदूत वीज चुकते कधी कधी, असल्या लुकलुकत्या उन्हानं जास्तच; गोळ्यांनी आवरतेही. पण तोवर त्यांना चालवता येणार नाही. खाली गाडी मी नेते."

"न्या."

 कुणालातरी आत्ताच जायचं होतं, कुणालातरी उशीर झाला होता, तरी सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. धैर्या परत जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता, दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून. लहानपणी जत्रेतल्या घोड्यावरून उतरायचा नाही, तसा.

"गाडीच मूर्ख आहे," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "देशी असती तर एवढं..."

मी पायरीवर चढले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले, कारण फसवलंही सगळ्यांनाच होतं.

"धैर्या, तोंड बंद कर आणि ऐक. आजार झाला हा तुझा गुन्हा नाही. अंगातून काय निघेल हे कुणाच्या हातात असतं? मला सांगितलं असतंस तर दागिने मोडले असते, कराड सोडून मुंबईला नेलं असतं. पण तू आजाराला शेंदूर फासलास, आणि ह्या माणसांना त्याच्या पाया पडायला लावलंस. ही बस परक्या मुलुखातली, तुझी ना नात्याची ना गोत्याची, तरी रोज विचारत होती, ठीक आहेस का. तिला तू खोटं शिकवायला निघालास, तेही माझ्या जिभेनं. तू बरा होशील. होशीलच, मी आहे, अमृता आहे. पण जोवर ही गाडी तुला जागा म्हणत नाही, तोवर तू ड्रायव्हर नाहीस, पॅसेंजर आहेस. ऊठ, मागं जाऊन बस, आणि पट्टा लाव."